धरून सोडायचा मासा

आमच्या भागात पाण्याकडे कुणी नुसतं बघत बसत नाही. पाणी मोजायचं असतं. दुष्काळाने पोळलेल्या या पट्ट्यात १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, मागोमाग ऊस आला आणि बारामतीकराचं पाण्याशी नातं कायमचं हिशेबी झालं. आवर्तन कधी सुटणार, पाळी कुणाची, चारीचं दार कुणी उचललं, टेलला पाणी पोचलं का, एवढेच प्रश्न. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाटावर उभा असलेला माणूस पाण्याकडे टक लावून बघतो, नाही असं नाही. पण त्या बघण्यात काव्य नसतं, वरच्या अंगाच्या भावकीबद्दलचा संशय असतो. खुद्द शहरातून कऱ्हा जाते. अठराव्या शतकात मोरोपंत तिच्या काठी राहिले आणि आर्यांमागून आर्या रचत गेले. आम्ही तिच्या पुलावरून जाताना फक्त विचारतो, "आहे का पाणी?"

उजनीचं तर नावसुद्धा आम्ही टक्क्याशिवाय घेत नाही. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण पाणी मागे पसरलंय ते इंदापूर तालुक्याच्या अंगावर. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणजे मेलेलं पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त. त्यामुळे हे धरण उन्हाळ्यात शून्यावर थांबत नाही, शून्याच्या खाली जातं, आणि इकडचा कुठलाही माणूस चहाची बशी तोंडाला लावता लावता "उजनी उणे तीस झाली" असं बोलून जातो. आमच्यातला मास्तर भूगोलाचा. पण गणिताचे सर रजेवर गेले की सहावीच्या पोरांना ऋण संख्या हाच शिकवायचा. उदाहरण एकच, उजनी. पोरांना लगेच कळायचं.

अशा मुलखातली माणसं हौसेने पाण्याकाठी गेली, तीही मासा धरायला आणि धरून सोडून द्यायला, ही त्यातल्या त्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे.

डॉक्टरचा पुतण्या अमेरिकेच्या पश्चिमेला मोंटाना राज्यात नोकरी करतो. (आमचा डॉक्टर जनावरांचा. माणसांचे डॉक्टर आमच्या कंपूत टिकत नाहीत, त्यांना वेळ नसतो.) दिवाळीला आला तेव्हा त्याने काकासाठी एक लांब नळकांडं आणलं. लोकांचे पुतणे घड्याळ आणतात, बदाम आणतात. याच्या नळकांड्यातून निघाली काठी. चार तुकड्यांची, जोडली की नऊ फूट, आणि वजनाला इतकी हलकी की वहिनींनी विचारलं, "सगळी दिली ना त्याने?" बरोबर एक रीळ, रिळावर जाड पिवळी दोरी आणि एक चपटी डबी. डबीत माशा.

त्या डबीपाशी थोडं थांबायला हवं, कारण इतकं नाजूक काम आमच्यापैकी कुणी बऱ्याच वर्षांत हातात धरलं नव्हतं. नखाएवढा गळ. त्याला रेशमी दोरा गुंडाळून केलेलं अंग, अंगावर तांब्याच्या तारेचे केसासारखे बारीक वेढे, मानेपाशी कोंबड्याच्या पिसाचे तंतू गोल उभे केलेले आणि मागे शेपटीला दोन धागे. एक हिरवट, एक राखाडी, एक चक्क डोंगळा. प्रत्येक माशी कुठल्या तरी खऱ्या किड्याची नक्कल. डॉक्टरने भिंग लावून एकेक तपासली आणि निदान केलं, "तब्येत चांगली आहे."

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. साध्या गळात वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाच्या गोळीचं. फेकलं की ते दोरीला ओढून नेतं. इथे माशीला वजनच नाही. म्हणून दोरीच जड करायची, काठीने ती मागे-पुढे घुमवत हवेत वळसा सोडायचा आणि शेवटी माशी पाण्यावर अशी उतरवायची, की खालच्या माशाला वाटावं किडाच येऊन बसला. तिकडच्या थंड, खळाळत्या नद्यांत ट्राउट असतो, तो वर येऊन अशी माशी टिपतो. रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ चा एक चित्रपट आहे, 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'. मोंटानातला एक पाद्री, त्याचे दोन मुलगे आणि नदी. मास्तरने तो पाहिला, आणि त्यानंतर काही दिवस तो वाक्य अर्धवट सोडून लांब कुठेतरी बघायला लागला. वहिनींवर कशाचाच परिणाम झाला नाही. "ओट्यावर बसून माशा मारत होता तेवढं पुरे नव्हतं का?" एवढंच त्या म्हणाल्या.

पश्चिमेचा खेळ म्हणून पश्चिमेलाच जायचं, असा पहिला बेत. आपली पश्चिम म्हणजे सह्याद्री आणि सह्याद्रीच्या पाण्यातला राजा म्हणजे महसीर. लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवतंय. पण तिथे जाऊन दोरी टाकायची तर आधी कुणाकुणाची परवानगी काढावी लागेल, यावरच एक संध्याकाळ गेली. मग मास्तरने महाडजवळचा वाळण कोंड काढला. काळ नदीच्या त्या डोहात महसीर झुंडीने असतात. पण ते देवीचे. लोक त्यांना चुरमुरे घालतात, पकडायचं नाव काढत नाहीत. वाडा तालुक्यातल्या तिळशाला वैतरणेतही हाच प्रकार. आजूबाजूच्या नद्यांतून महसीर हटत गेला आणि देवाच्या डोहात तेवढा सुरक्षित राहिला, असं मास्तरने वर्गात सांगावं तसं सांगितलं.

अण्णा इतका वेळ ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तिकडचे मासे एक तर टाटांचे, नाहीतर देवाचे. आपले कुठले?"

आपले उजनीचे. गाडी पूर्वेला वळली.

अण्णाची ओळख इथेच करून द्यायला हवी, कारण गाडी त्याची आणि चालवणाराही तोच. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात अंडंसुद्धा नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते; बेलवडीच्या रिंगणाला अण्णा नाही असं वर्ष नाही. असा माणूस मासेमारीला येतो म्हणाला याचंच आम्हाला नवल. त्याच्या अटी होत्या. गाडीत गांडूळ आणायचं नाही, मासा आणायचा नाही, आणि जेवताना "एक घास खाऊन तर बघ" असं म्हणायचं नाही. या काठीला गांडूळ लागत नाही, पिसं आणि दोऱ्यावर भागतं, हे समजल्यावर त्याने थोडा विचार केला. "म्हणजे मासा तोंड लावेपर्यंत सगळं शाकाहारीच आहे," तो म्हणाला आणि किल्ली घेतली.

पुतण्या सांगायचा, तिकडे मित्र मित्र मासे धरायला दोन-दोन दिवसांचा रस्ता गाडीने कापतात. बारामतीहून भिगवणला यायला तास लागत नाही. सहलीला सहलीची कळा यावी म्हणून आम्ही चहाला थांबत थांबत गेलो. शिवाय गळीत हंगाम होता. एमआयडीसी मागे पडली नाही तोच पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी रस्त्यावर आलेला, मागचा दिवा गेलेला आणि टेपवर गाणं इतक्या जोरात की हॉर्न वाजवणं म्हणजे स्वतःची करमणूक. डॉक्टर चिडला. अण्णा ब्रेकवर पाय ठेवून शांत. "त्याला काट्यावर नंबर लावायचाय," तो म्हणाला, "आपला कुठे लागलाय?" मदनवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाक बसलेले दिसले तेव्हा उजाडलं होतं.

भिगवणला मासे बघायचे तर बाजारात. पाण्यावर दिसतात ते पक्षी. आधी बाजारात जाऊ, म्हणजे पाण्यात काय आहे ते तरी कळेल, हा मास्तरचा विचार मला पटला. आणि खरं सांगायचं तर साऱ्या सहलीत माझं मन रमलं ते तिथेच. ओल्या फरशीवर ढिगाने ओतलेली मासळी. रोहू, कटला, मृगळ ही मोठी घराणी वेगळी मांडलेली. मरळ टोपात, थोड्याशा पाण्यात, कारण मरळ जिवंतच विकायची. ती हवेतूनही श्वास घेते आणि झाकण सैल राहिलं तर टोपातून उडी मारून चालू लागते. वांब एकमेकींत गुंतलेल्या. आणि या सगळ्यांवर मात करून, टोपल्यांवर टोपल्या, करडी, काटेरी पाठीची, खरखरीत खवल्यांची चिलापी. लिलाव पुकारणाऱ्याचा एक डोळा ढिगावर आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या भुवयांवर. कुणी हात वर करत नाही, बोली बोलत नाही. एका माणसाने नुसतं नाक खाजवलं आणि ढीग त्याचा झाला. डॉक्टरनेही सवयीने मान हलवली असती, मी त्याला वेळेवर मागे ओढलं.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये भारतात आणली ती वाढायला सोपी म्हणून. आणि वाढली इतकी सोप्पी, की आता आवरत नाही. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं निघाली की तीही काही दिवस तोंडातच सांभाळते. संकट आलं की पिल्लं परत आईच्या तोंडात. इतकी काळजी घेतल्यावर संसार वाढणारच, आणि तो वाढला की इथल्या जुन्या माशांना जागा आणि खाणं कमी पडणारच. बाजारातल्या लोकांना हे सांगायला कुठल्या संशोधकाची गरज नाही. "पूर्वी कशी वांब यायची, लका!" एवढ्यात सगळं येतं. पण भिगवण, पळसदेव, इंदापूरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आज जी 'स्पेशल मच्छी थाळी' असते तिचा आधार हीच परदेशी बाई. उजनीला परक्याचं वावडं नाही. फ्लेमिंगो कच्छच्या रणातले, पट्टकादंब हिमालयापलीकडचे, चिलापी आफ्रिकेची. मोंटानाच्या काठीने तेवढं काय घोडं मारलं?

काठावर गेल्यावर कळलं, काय मारलं ते. मोंटानातली नदी गवतातून वाहते म्हणे, मागे मोकळं रान. आमच्या मागे वेडी बाभूळ. बाभळीच्या मागे उसाला पाणी नेणाऱ्या मोटारींच्या केबली, पीव्हीसीचे पाइप, आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर कुणीतरी केलेली गाळपेर. पाणी जसं मागे सरतं तशा शेतकरी मोटारी पुढे सरकवत नेतात, त्यामुळे हा सगळा काठ म्हणजे तारांचं आणि पाइपांचं गाव. डॉक्टरने काठी मागे नेली, पिवळी दोरी सुंदर उलगडली आणि माशी बाभळीत. सोडवली. पुन्हा माशी केबलला. मोटारीवर बसलेल्या माणसाने उठून विचारलं, "आकडा टाकताय काय?" मास्तरने त्याला मोंटानाबद्दल सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात तिसऱ्यांदा दोरी फिरली आणि माशी अण्णाच्या माकडटोपीत रुतली. टोपी लोकरीची, गोंडा घट्ट विणलेला; डॉक्टरने टोपी मांडीवर घेऊन चिमट्याने गळ काढला. माळकऱ्याच्या डोक्यावरून पहिली शिकार उतरली.

म्हणून होडी केली. होडीच्या मागे बाभूळ नसते.

होडीवाला पोरगा विशीतला, जात्या कमी बोलणारा. त्याने आधी नारिंगी जॅकेटं दिली. घातल्यावर आम्ही चौघं फुगलेलो, गळ्याशी पट्टे आवळलेले, आणि एकमेकांकडे बघून हसू आवरेना. पोरगा हसला नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात याच पाण्यात उलटली आणि सहा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. "पट्टा घट्ट करा, काका," एवढं म्हणून त्याने वल्ही मारायला घेतली. आम्ही पट्टे घट्ट केले.

मध्यावर गेल्यावर सगळं शांत झालं. पाणी हिरवट होतं. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमा ते इथे आणून ठेवते. "पुणेकरांनी हातचं न राखता आपल्याला दिलेली ही एकच गोष्ट," डॉक्टर म्हणाला. बाजूने पाणकावळ्यांची रांग पाण्याला चिकटून गेली. मग डोक्यावर एक ऑस्प्रे आला. हा पक्षी हिवाळ्यात इथे असतो आणि मासा सोडून दुसरं काही खात नाही म्हटलं तरी चालेल. तो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला, खाली बघितलं, पंख मिटले आणि पाय पुढे करून पाण्यात कोसळला. वर आला तेव्हा पंजात मासा आडवा होता. अंग झटकून पाणी उडवलं आणि उडता उडताच मासा पंजात फिरवून त्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेने केलं. आडवा मासा वारा अडवतो, उभा अडवत नाही. डॉक्टरने हातातल्या नऊ फुटी काठीकडे पाहिलं आणि ती आडवी ठेवून दिली.

मासा लागेना, त्या वेळात मास्तरने आम्हाला सोमेश्वर सांगितला. कल्याणीच्या चालुक्यांचा हा राजा बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाने मन रमवावं कसं याची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत आणि त्यात एक मत्स्यविनोद आहे. माशांच्या जाती, कुणाला कसलं खाणं आवडतं, खाऊ घालून घालून मासे एका जागी कसे आणावेत, काठी, दोरी, गळ. इंग्रजांना ज्याचा अभिमान, तो आयझॅक वॉल्टनचा गळावरचा ग्रंथ १६५३ चा. आपला राजा त्याच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीचा, आणि राहणारा कुठला, तर बसवकल्याणचा, म्हणजे सोलापूरच्या पलीकडे. "म्हणजे हा खेळ मुळात पश्चिमेचा नव्हेच," मास्तर म्हणाला. मराठी माणसाला परदेशातली कुठलीही वस्तू मनापासून आवडायची तर आधी ती आपल्याकडे होती हे सिद्ध व्हावं लागतं. ते झाल्यावर मास्तरने पहिल्यांदा काठी हातात घेतली.

पोरगा दोरीचं घुमणं बराच वेळ बघत होता. "आसूड ओढल्यागत ओढायचं व्हय?" त्याने विचारलं. हो म्हटल्यावर त्याने काठी मागून घेतली आणि दोन झटक्यांत माशी अशी लांब, अशी अलगद टाकली, की पुतण्याने पाहिलं असतं तर नोकरी सोडली असती. मग काठी परत करून म्हणाला, "काका, मासा लागला तर काय करायचं त्याचं?"

"सोडून द्यायचा."

वल्ही थांबली. "म्हंजी परत पाण्यात?"

"हो."

"मग धरायचा कशापायी?"

मास्तरने समजावलं. हा खेळ आहे. मासा खेळवायचा, जवळ आणायचा, हात ओला करून अलगद धरायचा, गळ काढायचा आणि सोडायचा. म्हणून तर डॉक्टरने गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून ठेवलाय. त्यामुळे माशांची संख्या टिकते. पोराने सगळं नीट ऐकून घेतलं. "खेळ चाललाय हे त्याला ठावं असतंय का?" त्याने विचारलं.

मला वाटलं, आता अण्णा पोराच्या बाजूने बोलणार नाही. पोरगा जन्माचा मासेमार आणि अण्णाने मासा कधी चाखलेला नाही. पण अण्णा नेमका त्याच्याच बाजूने सरकून बसला, होडी कलली तरी. "हा धरतो ते पोटासाठी. त्याचा मला राग नाही. मी खात नाही, ते माझं माझ्यापाशी. पण खायचं नाही आणि नुसता गळ टोचायचा, हे मला कुठे बसवता येईना." मास्तरकडे त्यावर उत्तर होतं, तो लांबलचक देतही होता, पण होडीत बहुमत झालं होतं. माझं मत विचाराल तर अण्णाचं बरोबर. पकडून सोडणं हा माशावर केलेला उपकार आहे असं मानायला मोंटानात कुणाची हरकत नसेल. टोचून मग मलम लावण्याला इकडे फार मोठं पुण्य समजत नाहीत. पण त्यांच्या थंड नद्यांत आणि आपल्या महसीरच्या बाबतीत त्या नियमाला एक अर्थ आहे, हेही मान्य करतो. मारून खाणाऱ्यांची गर्दी झाली की सोडणाऱ्याला किंमत येते.

आणि मग मासा लागला. काठीचं टोक वाकलं, रीळ करकरलं, डॉक्टर उभा राहिला, पोराने त्याला जॅकेटला धरून खाली बसवलं. बरीच झटापट होऊन जे वर आलं ते तळहाताहून थोडं मोठं होतं. चिलापी. पाठीचा काटेरी पिसारा उभारून ती आमच्याकडे बघत होती. डॉक्टरने हात ओला केला, गळ काढला, आणि ठरल्याप्रमाणे तिला सोडायला पाण्यावर वाकला.

"अहो, चिलापी सोडताय?" पोराच्या आवाजात पहिल्यांदाच कळवळा आला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. सोडायचाच तर मरळीचं पिल्लू सोडा, कटल्याचं सोडा. जिने सगळ्यांचं पाणी खाल्लं तिलाच परत पाण्यात? पुस्तकातलं संशोधनही नेमकं हेच सांगेल. ज्या नियमाने तिकडे मासे वाचतात, त्याच नियमाने इथे चिलापी वाचवायची म्हणजे उजनीचंच नुकसान. डॉक्टरचा हात तसाच पाण्यावर राहिला. शेवटी पोरानेच तोड काढली. त्याने हात पुढे करून मासा घेतला आणि होडीच्या तळाला टाकला. "तुम्ही सोडला, मी धरला. दोघांचं बी झालं."

मग तोच बोलायला लागला. "सोडायचं शिकवायचं तर त्यांना शिकवा," म्हणत त्याने लांबच्या काठाकडे हात केला. बारीक डोळ्याची जाळी लावून काही जण बोटाएवढी पिल्लं उपसतात, खताच्या मोलाने विकतात. कारवाई होते, जाळी जप्त होतात, जाळतात, परत लागतात. तो स्वतः मोठ्या डोळ्याचं जाळं लावतो; लहान मासा आपोआप निघून जातो. धरून सोडत नाही, धरतच नाही. मास्तरने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

अण्णा पलीकडे तोंड करून बसला होता. त्याचं आजोळ जुनं पळसदेव. १९८० च्या सुमाराला धरण पुरतं झालं, गाव वर सरकलं आणि मामाचा मळा, विहीर, पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते हेमाडपंती देऊळ वर येतं, मग गाड्यांची रीघ लागते, वर्तमानपत्रांत फोटो येतात. अण्णा तेव्हा जात नाही. त्याला ते देऊळ चपला काढून आत जायचं म्हणून माहीत आहे. "विहिरीला अकरा पायऱ्या होत्या," तो म्हणाला. "बाराव्या पायरीला पाणी." खाली बघत होता की समोर, सांगता येत नाही. आम्ही तिघं टक्केवारीत पाणी मोजत म्हातारे झालो; तो त्याच पाण्याच्या तळाशी आजोळ ठेवून आला होता आणि गाडी चालवायला म्हणून आमच्याबरोबर येऊन बसला होता. डॉक्टरने काठीचे तुकडे काढून नळकांड्यात भरले. नंतर कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही. बारामतीचे चार जण एका जागी गप्प बसल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

जेवण पळसदेवला. चिलापी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळलेली, रस्सा, बाजरीची भाकरी. अण्णाला पिठलं. त्याचं पिठलं आमच्या थाळीपेक्षा चांगलं होतं, आणि ते त्याने कुणाला विचारलं नाही. पुढे इंदापूरला मास्तरने मालोजीराजांची गढी दाखवली. शिवरायांचे आजोबा या गावात लढाईत पडले. नीरा नृसिंहपूरचा संगम राहिला, त्याला अर्धा दिवस हवा. येताना निमगाव केतकीला पानमळ्यांच्या गावचं पान खाल्लं. भवानीनगरला कारखान्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि सकाळचंच गाणं वाजत होतं. काठी आता डॉक्टरच्या माळ्यावर आहे. वहिनी तिने कोळिष्टकं काढतात. नऊ फूट असल्याने हात छताच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. बाजार सकाळी लवकर गाठा. होडीवाला जॅकेट देईल ते घाला, नाही दिलं तर होडी बदला. काठी न्या अगर नेऊ नका, तेवढ्याने काही अडत नाही. पण बाजारात बोटाएवढ्या पिल्लांचा ढीग स्वस्तात पुकारला जात असेल, तर तो मात्र घेऊ नका.